खोट्या गवताचा ठराव

राजरत्न घाबरट नव्हता, निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. तो सावध होता. सावध माणूस रस्ता ओलांडताना दोनदा बघतो, गॅसचं बटण तीनदा बघतो आणि पोस्टमनच्या हातात तपकिरी पाकीट दिसलं की आधी बाथरूमला जाऊन येतो. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तो बावीस वर्षं नट-बोल्ट सांभाळत होता. घाबरट माणूस एका जागी बावीस वर्षं टिकतो का, असा त्याचा युक्तिवाद असे. २००६ च्या भाद्रपदात या युक्तिवादाला तडा गेला.

अंबरनाथ पश्चिमेच्या मलंगछाया सोसायटीत तळमजल्यावर त्याचा फ्लॅट. मागच्या बाजूला पंधरा बाय बारा फुटांचा मातीचा तुकडा होता, तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला घराचं दार. बिल्डरने पत्रकात त्याला ‘प्रायव्हेट गार्डन’ म्हटलं होतं, आणि पावसाळ्यात त्या गार्डनमध्ये गुडघाभर गवत माजायचं. त्याची आई भिमाबाई, वय वर्षं त्र्याहत्तर, रोज सकाळी तिथं प्लास्टिकची खुर्ची टाकून भाजी निवडत बसायची. त्या दिवशी राजरत्न तिचा चहा घेऊन बाहेर आला आणि आईच्या पायापासून वीतभर अंतरावर त्याला साप दिसला.

पुढचं त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही, म्हणून आपणही हळूच सांगू. तो आत पळाला आणि त्याने दाराला कडी लावली. आई बाहेर.

दोन मिनिटांनी खिडकीच्या गजांतून त्याने विचारलं, “आई, गेला का?”

“गेला,” भिमाबाई म्हणाली. “चहा आन.”

एवढंच. ती रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या, नातेवाइकांत बोभाटा केला असता, तर त्याने ते सोसलं असतं. ती काहीच बोलली नाही. त्या दिवसापासून राजरत्नला सापापेक्षा स्वतःची भीती वाटायला लागली. साप पुन्हा आला तर आपण पुन्हा कडी लावू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा उपाय एकच होता, साप पुन्हा येता कामा नये.

उपाय सांगायला सोसायटीत माणसांची कमतरता नव्हती. कुणी फिनेल सांगितलं, कुणी लसणाचं पाणी, कुणी मुंगूस पाळा म्हणालं. पहिल्या मजल्यावरच्या सुदामने मोराचं पीस लावायला सांगितलं आणि ते आणून द्यायची तयारीही दाखवली, फक्त मोर कुठे मिळेल ते त्याला माहीत नव्हतं. राजरत्नने फिनेल ओतलं, तर घरातल्या सगळ्यांची डोकी दुखली आणि गवत आणखी जोमाने वाढलं. शेवटी कारखान्यात कुणीतरी म्हणालं की साप नको असेल तर गवतच काढून टाका. पण उघडी माती पावसात चिखल होते आणि चिखलात बेडूक येतात, आणि बेडकामागे कोण येतं हे राजरत्नला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेव्हा त्याला लग्नाच्या हॉलमधलं हिरवंगार प्लास्टिकचं गवत आठवलं.

असलं गवत उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मिळतं. तिथं लछमनदास नावाच्या मांडव-डेकोरेशनवाल्या व्यापाऱ्याकडे राजरत्न गेला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “इसमें साप आयेगा क्या?”

लछमनदासने आयुष्यात गवताबद्दल पुष्कळ प्रश्न ऐकले होते, हा नवा होता. पण तो धंद्यात मुरलेला माणूस. “साईं,” तो म्हणाला, “साप को क्या मंगता है? चूहा, मेंढक, कीडा. प्लास्टिक में उसको क्या मिलेगा? भूखा मरेगा बिचारा.”

हे राजरत्नला इतकं पटलं की त्याने घासाघीस केली नाही. गुंडाळी रिक्षात घालताना लछमनदासने वर फुकटचा सल्ला दिला. “जमीन कडक है ना? नीचे पेंढा डालो, चार उंगली. एकदम गादी. शादी में मैं दूल्हे के बाप के नीचे भी वही डालता है.”

पेंढा मिळायचा प्रश्नच नव्हता. सोसायटीतच दुसऱ्या मजल्यावर महिपती राहायचे. ही सगळी इमारत ज्या भाताच्या खाचरावर उभी होती ते खाचर त्यांचं. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात दोन फ्लॅट घेतले, आणि बदलापूरच्या बाजूला उरलेल्या तुकड्यात सत्तरीतही ते भात लावायचे. डिसेंबरात झोडणी नुकतीच आटोपली होती.

“महिपतीकाका, थोडा पेंढा मिळेल का? आईला बसायला मऊ करायचंय.”

“आईसाठी ना? मंग इचारतोस काय,” महिपती म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतून दहा-बारा भारे पाठवून दिले. झोडलेल्या पेंढ्यात चार दाणे राहतातच. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. भारे पसरून, त्यावर गवत अंथरून, कडेने खिळे ठोकून राजरत्न मोकळा झाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो पाय लांब करून झोपला.

सकाळी महिपती गॅलरीत दात घासायला आले, खाली पाहिलं आणि दात घासायचे थांबले. आपल्या खाचरावर, आपल्याच पेंढ्यावर प्लास्टिक. ते आठवडाभर राजरत्नशी बोलले नाहीत, आणि बोलले ते थेट कागदावर. ‘घरगुती बागेत कृत्रिम गवत टाकण्यास बंदी घालावी’ असा अर्ज त्यांनी नातीकडून लिहून घेतला. नात तेजस्वी बी.एस्सी. करत होती, तिने अर्जाला गांडुळांचं एक पान जोडलं.

सेक्रेटरी होते अनंतराव. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी अर्जाला आवक क्रमांक दिला आणि राजरत्नच्या दारात येऊन नोटीस हातात ठेवली, पाकीट तपकिरी. मार्चच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक चार. तोवर सदर गवत प्लास्टिकबंदीत बसत नाही असा लेखी खुलासा राजरत्नने आणावा, असंही त्यात होतं.

इथं हे सांगायला हवं की दीड वर्षापूर्वीच्या सव्वीस जुलैच्या पुरानंतर ‘प्लास्टिक’ हा शब्द नुसता उच्चारला तरी आमच्याकडे लोक गटाराकडे बघायचे. मलंगछायाच्या पार्किंगमध्ये तेव्हा छातीभर पाणी होतं. त्यामुळे गवताचा वाद बघता बघता पेटला. तळमजला एकीकडे, वरचे मजले दुसरीकडे. उद्या हे गवत वाहून नाल्यात गेलं तर, असं एक पार्टी म्हणे. माणसाने स्वतःच्या बागेत काय अंथरावं हे सोसायटी कोण सांगणार, उद्या चादरीवर ठराव आणाल, असं दुसरी पार्टी म्हणे. तळमजल्याच्या, म्हणजे दुसऱ्या पार्टीचा पुढारी मात्र पहिल्या मजल्यावरचा सुदाम होता. त्याला गॅलरीत असलंच गवत टाकायचं होतं.

खुलासा आणायला राजरत्न अर्धी रजा टाकून एका कचेरीत गेला. कचेरीचं नाव सांगत नाही, त्याला अजून तिथं कामं असतात. पहिल्या टेबलाने विचारलं, “गवत आहे की प्लास्टिक? गवत असेल तर उद्यान विभाग, प्लास्टिक असेल तर आरोग्य.” उद्यानवाले म्हणाले, जे उगवत नाही ते आमच्याकडे नाही. आरोग्यवाले म्हणाले, बंदी पन्नास मायक्रॉनखालच्या पिशव्यांना आहे, तुमची पिशवी किती मायक्रॉन? राजरत्नने कारखान्यात जाऊन गवताच्या एका पात्याची जाडी मोजून आणली. ती पन्नासच्या पुष्कळ वर भरली. “छान,” आरोग्यवाले म्हणाले, “पण ही पिशवी कुठंय?” शेवटी त्याच्या अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला. तो शिक्का गोल आणि जांभळा होता, आणि त्याचा अर्थ अर्ज मिळाला एवढाच होता. तरी राजरत्नला तो घेऊन जरा धीर आला.

तो धीर एका रविवारी सकाळी संपला. दारात उभा राहून तो आपल्या हिरवळीकडे कौतुकाने बघत होता आणि हिरवळीच्या मध्यावर एक लहानसा उंचवटा तुरुतुरु धावत भिंतीपर्यंत गेला. मग दुसरा. मग दोन एकदम.

उंदीर. भाताचे चार दाणे, चार बोटं पेंढा आणि वर न गळणारं छप्पर. उंदरांना आणखी काय हवं असतं? राजरत्नने स्वतःला समजावलं की उंदीर म्हणजे काही साप नव्हे. पण लछमनदासच्या यादीत उंदीर पहिला होता, ते त्याला आठवलं. त्याला आता जेवण जाईना. कारखान्यातून आल्यावर तो चपला न काढता आधी मागच्या दारात जाऊन उभा राहायचा.

“अहो, गवताकडे एवढं टक लावून काय बघता?” त्याच्या बायकोने, प्रीतीने विचारलं. ती शाळेत शिक्षिका होती आणि कुणी काही लपवत असलं की तिला चटकन कळायचं. “आणि ते हलत का नाही म्हणून बघत असाल तर ते प्लास्टिकचं आहे.”

“हलत नाही ना? तुला नाही ना दिसलं हलताना?” राजरत्न म्हणाला. प्रीतीने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

सभेच्या आधीच्या आठवड्यात उंदीर कमी झाले. दिवसाला दहा उंचवटे पळायचे ते चारवर आले, मग एकावर. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. राजरत्न विचार करत राहिला की उंदीर स्वतःहून कशाला कमी होतील, आणि गुरुवारी सकाळी त्याला उत्तर दिसलं. दाराच्या कोपऱ्यातून एक उंचवटा निघाला. उंदीर धावतो, हा धावत नव्हता. हा सावकाश सरकत होता, आणि पुढचं टोक भिंतीशी पोचलं तरी मागचं अजून यायचंच होतं.

आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. सांगावं तर रविवारी सभा, आणि सभेत त्याचा एकमेव मुद्दा होता की या गवतात साप येत नाही. गवत गेलं की माती आली, खरं गवत आलं, पुन्हा तो भाद्रपद आला. न सांगावं तर आई रोज सकाळी सापाच्या उरावर खुर्ची टाकून मेथी निवडतेय.

“आई, आत बस. ऊन लागेल.”

“सकाळच्या सात वाजता?”

त्याने खुर्ची पलंगाखाली लपवली, तर भिमाबाई सरळ गवतावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “बरं मऊ केलंस बाबा.” राजरत्नने धावत जाऊन खुर्ची आणून दिली. तो स्वतः उंबऱ्याच्या आत उभा राहिला. आपण आत आहोत आणि ती बाहेर, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली. तरी उंबरा काही ओलांडवेना. साप गुरुवारीच निघून गेला असेल, असं तो शुक्रवारी दिवसभर आणि शनिवारी दिवसभर स्वतःला सांगत राहिला.

शनिवारी संध्याकाळी अनंतराव आले. गच्चीवर डांबर घातलंय, ते ओलं आहे, म्हणाले. तेव्हा सभा राजरत्नच्या बागेतच घेऊ. स्थळपाहणी आणि सभा एकत्र, वेळेची बचत.

“बागेत? गवतावर? सगळे?” राजरत्नने विचारलं.

“तुमचाच फायदा आहे. लोक बसून बघतील, मऊ लागेल, मतं फिरतील.”

याला नाही म्हणायला एकच कारण होतं आणि तेच सांगता येत नव्हतं.

रविवारी दहाला सोळा माणसं त्या गवतावर येऊन बसली. भिमाबाई भिंतीकडेला आपल्या खुर्चीवर, मांडीवर मेथीची जुडी. सभा आपल्याच घरी आहे तर भाजी थांबवायचं तिला कारण दिसलं नाही. महिपती मात्र कोपऱ्यात, जिथं बोटभर माती उघडी राहिली होती, तिच्यावर उकिडवे बसले.

“हितं मी कोलम लावायचो,” त्यांनी सुरुवात केली. “जमीन इकली, त्याचं काय नाय. गरज व्हती, इकली. पन तिच्या तोंडावर प्लास्टिक बांधा म्हनून नाय इकली. तिला पानी नको? वारा नको?” त्यांनी त्या बोटभर मातीवर तळवा टेकवला.

तेजस्वीने गांडुळांचं पान वाचलं. सुदाम व्यक्तिस्वातंत्र्यावर बोलला. कुणीतरी सव्वीस जुलै काढला, मग अर्धा तास त्या दिवशी कोण कुठे अडकलं होतं यावर सभा चालली. राजरत्नला काही ऐकू येत नव्हतं. दाराला टेकून तो माणसांच्या मधलं गवत बघत होता.

“राजरत्न, तुमचं म्हणणं मांडा,” अनंतराव म्हणाले.

त्याने जांभळ्या शिक्क्याचा कागद काढला. तो दोन्ही हातांनी सभेपुढे धरला. “मी हे गवत शोभेसाठी टाकलेलं नाही,” तो म्हणाला. “माझी आई म्हातारी आहे. खऱ्या गवतात साप येतो. या गवतात साप येऊच शकत नाही, कारण…”

कारण अनंतरावांच्या रजिस्टरच्या आणि सुदामच्या मांडीच्या मधून गवत हळूच वर आलं आणि भिंतीच्या दिशेने सरकू लागलं.

दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. दार त्याच्या पाठीशी होतं, एका पावलावर. आई सहा पावलांवर. त्याची बोबडी वळली आणि पाय दाराकडे वळले. हे लपवण्यात अर्थ नाही, एक पाऊल त्याने उंबऱ्याच्या आत टाकलंसुद्धा. तेवढ्यात भिमाबाईच्या मांडीवरून मेथीची एक काडी खाली पडली आणि ती उचलायला आई वाकली. तिचा हात गवताकडे निघाला होता, आणि गवत तिच्या हाताकडे.

राजरत्न सहा पावलं कशी गेला ते त्यालाही सांगता येणार नाही. तो अनंतरावांच्या रजिस्टरवरून गेला, एवढं रजिस्टरवरच्या टाचेच्या ठशावरून नंतर सिद्ध झालं. त्याने आईला खुर्चीसकट उचललं, छातीशी धरलं आणि मग ओरडला, “उठा सगळे, खाली साप आहे.”

सोळातले पंधरा जण एकाच दारातून एकाच वेळी आत गेले. सर्वांत पुढे व्यक्तिस्वातंत्र्य, त्याच्या मागे रजिस्टर बगलेत मारून अनंतराव. प्रीतीलाही त्या लोंढ्याने आत ओढून नेलं. आणि मग आतून दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

बाहेर राहिले तिघं. महिपती शांतपणे उठले, त्यांनी कोपऱ्यातले दोन खिळे उपसले आणि गवताची कड उचलून आत डोकावले. “धामन हाय,” ते म्हणाले. “इख नाय तिला. उंदरांसाठी आली.” मग त्यांनी खालचा पेंढा मुठीत धरून बघितला. “हा माझाच ना रं पेंढा? म्हंजे हिला घर आपन दोघांनीच बांधून दिलं.”

राजरत्न भिंतीला पाठ लावून उभा होता. खुर्चीचे चारही पाय हवेत थरथरत होते, आणि भिमाबाई वर बसून एका हाताने मेथी सांभाळत होती.

“खाली ठेव मला.”

“थांब.”

“हात कापतात तुझे. पाडशील.”

“आई,” राजरत्न म्हणाला, आणि त्याला रडू आलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, अख्खी सोसायटी खिडकीच्या गजांतून बघतेय, पण त्याला ते थांबवता आलं नाही. “आई, त्या दिवशी कडी मी लावली होती.”

“मग काय वाऱ्यानं लावली व्हती?” भिमाबाई म्हणाली. “मला का ठाऊक न्हाई?”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलनार? घाबरला व्हतास तू. घाबरलेल्या लेकराला कुनी बोलतं व्हय?” तिने पदराने त्याचं नाक पुसलं. “आता बी घाबरलाच हाईस. उगी.”

तेवढ्यात महिपतींनी गवताची कड आणखी उचलली आणि धामण बाहेर आली. ती लांबलचक होती, पोट फुगलेलं होतं, आणि घाई कसली ती तिला नव्हती. भिंतीच्या तळाशी पाणी जायचं भोक होतं, त्यातून ती एकेक वीत करत निघून गेली. ती गेल्यावरही राजरत्नने खुर्ची खाली ठेवली नाही. एक गेली म्हणजे दुसरी नाहीच, असं कुणी लिहून दिलं होतं का?

खिडकीत अनंतरावांचा चेहरा दिसला. त्यांनी चष्मा नीट केला. “सभा तहकूब झालेली नाही,” ते गजांतून म्हणाले. “गणसंख्या आत पूर्ण आहे. विषय क्रमांक चार, घरगुती बागेत कृत्रिम गवतास बंदी. बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत.”

राजरत्नच्या हॉलमध्ये एकूण एक हात वर झाला, सुदामचे तर दोन्ही. बाहेर महिपतींनी गवताची कड धरलेलाच हात वर केला.

“एकमताने… थांबा. राजरत्न, तुमचं मत?”

राजरत्नचं मत अगदी पक्कं होतं. बंदी व्हावी, आजच व्हावी, उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत व्हावी, असं त्याचं मत होतं. पण हात वर करायचा तर खुर्ची खाली ठेवायला हवी होती.

“मतदान हात वर करूनच असतं,” अनंतराव म्हणाले. त्यांनी वाट पाहिली, नियमाप्रमाणे दोनदा पुकारा केला आणि मग टाचेचा ठसा चुकवून रजिस्टरात लिहिलं: ‘फ्लॅट क्रमांक दोन, तटस्थ. सदस्याचे हात रिकामे नव्हते.’